"काउन्सेलिंग म्हणजे पैसे देऊन गप्पा": त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस फॅमिली ग्रुपवर तो मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. म्हणणं असं की काउन्सेलर म्हणजे तासाला हजार-दोन हजार घेऊन गप्पा मारणारा माणूस, एकदा गेलात की गोळ्या मागे लागतात, नाव रेकॉर्डला चढतं मग लग्न जमत नाही नोकरी लागत नाही, घरच्यांविरुद्ध कान भरतात, आणि आपल्या आजी-आजोबांना कुठे लागत होता थेरपिस्ट, चार जिवाभावाचे मित्र असले की झालं. मी पुण्यात एका प्रायव्हेट क्लिनिकच्या फ्रंट डेस्कला बसते, अपॉइंटमेंटचे फोन मीच घेते. थेरपिस्ट नाहीये, पण घाबरत घाबरत फोन करणारे काय काय विचारतात ते रोज ऐकते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

मित्र असले की झालं. मित्र हवेतच, त्यावर वाद नाही. पण मित्र एकतर आपली बाजू घेतो नाहीतर "सोड ना यार, चल चहा मारू" म्हणतो, आणि तेच रडगाणं तिसऱ्यांदा लावायची आपल्यालाच लाज वाटते. पहिलं सेशन गप्पांसारखं नसतंच मुळी. आधी फॉर्म, त्यात नाव-वय, इमर्जन्सीला कुणाला फोन करायचा त्याचा नंबर, आणि संमतीची सही. मग आत गेल्यावर त्रास काय, कधीपासून, झोप किती, भूक कशी, दारू-सिगरेट, चालू औषधं, घरात आधी कुणाला असं काही होतं का. थायरॉइड तपासलाय का हेही विचारतात, कारण थायरॉइड किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस महिनोन्महिने मरगळलेला राहतो आणि घरचे म्हणतात आळशी झालाय. बऱ्याच ठिकाणी पीएचक्यू-९ नावाची डिप्रेशनची प्रश्नावली भरायला देतात, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं त्याला ० ते ३ मार्क, सगळे मिळून २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तो विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट पहिल्यांदाच कुणीतरी सरळ विचारलं म्हणून लोक मोकळे होतात. आता सांगा, कुठला मित्र हे विचारतो?

आजी-आजोबांचं म्हणाल तर त्यांना त्रास नव्हता असं नाही, त्याला नाव नव्हतं. अंगात यायचं, करणी व्हायची, नाहीतर एखादी आत्या आयुष्यभर मागच्या खोलीत. आणि आजही फार वेगळं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या बारा राज्यांत सर्व्हे केला त्यात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला उपचार लागतील असा मानसिक त्रास निघाला, आणि बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते.

पैशाचा मुद्दा मात्र उडवून लावता येत नाही. फी परवडत नाही हे अनेकांसाठी खरंच आहे, आठवड्याला एक सेशन धरलं तर महिन्याचं किराणा बिल होतं. सेशनही पूर्ण तासाचं नसतं, बहुतेक ४५-५० मिनिटांचं, उरलेल्या वेळात ते नोट्स लिहितात. फोनवरच तीन गोष्टी विचारून घ्या: फी किती, कॅन्सल केल्यास पैसे कापता का (बऱ्याच ठिकाणी २४ तास आधी कळवावं लागतं), आणि कमी फीची सोय आहे का. शेवटचं विचारायला लोक फार लाजतात, लाजू नका, काही थेरपिस्ट थोड्या जागा त्यासाठी ठेवतात. इन्शुरन्सचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्या असं आहे, पण आपल्या बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे काउन्सेलिंगचं बिल खिशातूनच. ज्यांना जमतच नाही त्यांनी सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा, किंवा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. पण महाग आहे म्हणजे थोतांड आहे हे कुठलं लॉजिक, दाताचा डॉक्टर पण महागच असतो की.

गोळ्या मागे लागतात म्हणे. अहो, काउन्सेलर किंवा सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहूच शकत नाही! ते काम सायकियाट्रिस्टचं, म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं. गरज वाटली तर काउन्सेलर त्यांच्याकडे पाठवतात, आणि तेव्हाही जायचं की नाही हे तुम्ही ठरवता. फक्त एक, चालू असलेल्या गोळ्या मेसेज वाचून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात.

रेकॉर्डला नाव चढतं, ही भीती सगळ्यात जास्त. "बाहेर बोर्डवर काय लिहिलंय?" हा प्रश्न मला फी किती याच्याही आधी येतो. काहीजण तर घरात भिंतीला कान असतात म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ऑनलाइन सेशन करतात, काचा वर, कानात इअरफोन. तर ऐका, असं कुठलंही सरकारी रजिस्टर नाहीये जे मुलाकडचे किंवा एचआरवाले उघडून बघतील. गोपनीयता हा त्याच २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. अपवाद आहेत आणि ते पहिल्याच सेशनला सांगायला हवेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश आला, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं. अठराच्या आतल्यांचे आईवडील यात येतात, तिथे त्यांना काय सांगणार आणि काय नाही हे आधी ठरवून घ्या. आणि कंपनी फुकट सेशन देत असेल तर कंपनीला नेमकं काय कळतं ते बुक करायच्या आधी विचारा.

घरच्यांविरुद्ध कान भरतात? चांगला थेरपिस्ट "नवऱ्याला सोड" किंवा "आईशी बोलू नको" असं सांगत नाही, कारण निर्णय त्याचा नसतोच. आईबाबांचा विषय निघतो, निघणारच, तुम्ही आभाळातून पडलेला नाही आहात.

मेसेजमध्ये एक खरी गोष्ट लिहायला हवी होती ती नेमकी नाहीये, ती म्हणजे कुणीही उठून काउन्सेलरचा बोर्ड लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआयचा नोंदणी नंबर मागा, साइटवर तपासता येतो. बाकी काउन्सेलरना हा नंबर असेलच असं नाही, तिथे सायकॉलॉजीत एमए आहे का, कुणाच्या हाताखाली काम केलंय, हे विचारा. चांगल्याला राग येत नाही. पहिल्या सेशननंतर हलकं वाटण्याऐवजी दिवसभर जड वाटू शकतं, तेवढ्यावरून फेल ठरवू नका, तीन-चार सेशन द्या. तरीही सूर जुळला नाही तर "मला दुसऱ्या कुणाला बघायचंय" एवढा मेसेज पुरतो, मी असे मेसेज वाचते, कुणी कारण विचारत नाही. पण तीन सेशनमध्ये डिप्रेशन गायब करतो म्हणणारा, बाहेर कॉफीला भेटू म्हणणारा, किंवा सोबत खडा-अंगठी सुचवणारा भेटला तर उठून या, आणि दहा सेशनचं आगाऊ पॅकेज तर मुळीच घेऊ नका.