दहा हजार ल्युमेन, शंभर तास आणि कापलेली चार्जरची वायर

‘लाइट गेल्यावर शंभर तास चालणारी टॉर्च कशी निवडावी’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. घरच्या ग्रुपवर आला तोवर दुर्लक्ष केलं. पण आत्याने तो आणखी चार ठिकाणी पाठवला आणि भाचा जुन्या लॅपटॉपची बॅटरी उचकटायला बसला, तेव्हा हे लिहिणं भाग पडलं. दावे थोडक्यात असे: १०,००० ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप) टॉर्च घ्या, ती शंभर तास चालते, सेल ९,९०० एमएएचचाच (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती साठतं त्याचं माप) हवा, नवा सेल न घेता जुन्या लॅपटॉपमधला काढा आणि मोबाइल चार्जरची वायर कापून थेट जोडून चार्ज करा, अल्कलाइन सेल (पुन्हा चार्ज न होणारे नेहमीचे) टॉर्चमध्येच राहू द्या, दहा वर्षं काही होत नाही, जास्तीचे सेल फ्रिजमध्ये ठेवा.

चार्जरवाल्या दाव्यापासून सुरुवात करू, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे वाया जातील, याने आग लागेल.

लॅपटॉपमधले ते गोल सेल बहुतेक १८६५० जातीचे, म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबीचे लिथियम-आयन सेल. पूर्ण भरल्यावर त्यांचा व्होल्टेज ४.२ व्होल्ट असतो आणि तिथे थांबायचंच असतं. चार्जर देतो ५. ‘फोनची बॅटरीही लिथियमचीच, ती याच चार्जरवर चार्ज होते की’ असा युक्तिवाद मेसेजमध्ये मोठ्या ऐटीत केलाय. होते, कारण चार्जिंगचं खरं सर्किट फोनच्या आत असतं. भिंतीतला ठोकळा नुसता वीज पुरवतो. फोनमधलं सर्किट आधी करंट बांधून देतं, मग व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेवर धरून ठेवतं आणि करंट आटला की बंद होतं. वायर सेलला थेट जोडली की थांबवणारं कुणी उरत नाही. मर्यादेपलीकडे ॲनोडवर, म्हणजे सेलच्या आतल्या ऋण बाजूच्या थरावर, धातुरूप लिथियम साचतं, आत वायू तयार होतो, सेल तापत जातो, आणि आतला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आतला द्राव, ज्वालाग्राही. फोनची चपटी बॅटरी निदान फुगलेली दिसते. हा सेल धातूच्या नळकांड्यात बंद असतो, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही.

त्यात लॅपटॉपच्या जुन्या बॅटरी-पॅकमधले सेल बरेचदा २.५ व्होल्टच्या खाली गेलेले असतात. इतका उतरलेला सेल तसाच पडून राहून आणखी खोल उतरला की ॲनोडमागची तांब्याची पत्री विरघळू लागते. पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलतीकडे साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो. पॅकचं संरक्षक सर्किट पॅकमध्येच राहिलं, तेव्हा सुटा सेल उघडाच. शिवाय त्याचं सगळं धातूचं कवच म्हणजे ऋण टोक असतं. वरच्या कडेला धन टोक आणि ते कवच यांच्यात एक बारीक इन्सुलेटर आणि पातळ प्लास्टिकचं आवरण, एवढंच. स्क्रू ड्रायव्हरने ते फाटलं की शॉर्ट व्हायला चिमूटभर धातू पुरतो. मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजायच्या यंत्रावर) २.५ च्या खाली दाखवणारा सेल दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्यायचा, त्यावर दया दाखवायची नाही. टॉर्चच्या अंगात यूएसबी चार्जिंग असेल तर उत्तम. नसेल तर ४.२ ला स्वतः थांबणारा लिथियमचा चार्जर घ्यायचा. ‘प्रोटेक्टेड’ सेल (संरक्षक सर्किट अंगातच असलेला) घेतलात तर तो ६८ ते ७० मिमी भरतो, टॉर्चमध्ये मावतो का ते आधी पाहा.

आता १०,००० ल्युमेन आणि शंभर तास. इथे गुणाकार पुरे. ३,००० एमएएचच्या चांगल्या १८६५० मध्ये साधारण ११ वॉट-तास ऊर्जा असते. एलईडी आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज मोजून देणारं सर्किट) मिळून वॉटमागे शंभरेक ल्युमेन देतात असं धरलं, तर एका सेलमध्ये सुमारे हजार ल्युमेन-तास झाले. ते कसेही खर्चा: हजार ल्युमेन एक तास, शंभर ल्युमेन दहा तास, दहा ल्युमेन शंभर तास. दहा हजार ल्युमेन शंभर तास हवे असतील तर असे जवळपास हजार सेल लागतील, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन ४५ किलोच्या वर. आत्याने ती टॉर्च उचलायची कशी, हे मेसेजवाल्याने सांगितलेलं नाही.

मग खोक्यावर दोन्ही आकडे येतात कुठून? टॉर्च मोजण्याचं एएनएसआय/प्लॅटो एफएल १ नावाचं मानक आहे. त्यात टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी तास मोजणारं घड्याळ सुरू होतं आणि प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरला की थांबतं. म्हणजे हजार ल्युमेनची टॉर्च तिसऱ्या मिनिटाला तापून तीनशेवर आली आणि पुढे रखडत शंभरपर्यंत उतरली, तरी तो सगळा वेळ धरला जातो. त्यातून टॉर्चला प्रकाश कमी-जास्त करायच्या पायऱ्या असतात, आणि काही विक्रेते सगळ्यात प्रखर पायरीचे ल्युमेन आणि सगळ्यात मंद पायरीचे तास शेजारी शेजारी छापतात. म्हणून प्रत्येक पायरीचे ल्युमेन आणि तास वेगवेगळे दिलेत का ते बघा. नसतील तर ती टॉर्च सोडा.

शंभर तासांत अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. मेणबत्तीचा प्रकाश जेमतेम बारा ल्युमेन असतो. दहा ल्युमेनचा झोत पांढऱ्या छतावर टाकला तर खोलीत वावरता येतं, वस्तू सापडतात. वाचायला किंवा स्वयंपाकाला ५० ते १०० हवेत. झूमचं भिंग असलेली टॉर्च घरात गैरसोयीची, तिचा झोत एका ठिपक्यात गोळा होतो.

९,९०० एमएएच: १८६५० मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मजल जाते, काही नवे थोडे पुढे. नऊ हजारांचा सेल नसतोच. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. काट्यावर बराच हलका निघाला तर समजून जा.

अल्कलाइन सेल पाकिटात दहा वर्षं टिकतात म्हणतात ते बरोबर, पण टॉर्चमध्ये विसरलेले सेल गळतात. त्यातून निघणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड स्प्रिंग खातं. नवे-जुने एकत्र घातले तर कमकुवत सेल उलटा ढकलला जातो आणि आधी तोच गळतो. पांढरी पूड दिसली तर हातमोजे घालून, व्हिनेगरचा बोळा फिरवून, पुसून कोरडं करा. टॉर्चमध्ये कायम ठेवायला कमी उतरणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल बरे. सहा महिन्यांनी एकदा चार्ज केले की झालं.

फ्रिज नको. अल्कलाइन सेल घरातल्या साध्या तापमानालाही वर्षाकाठी दोन-तीन टक्केच उतरतात, फ्रिजमधून काढल्यावर मात्र त्यावर दव धरतं.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: इलेक्ट्रॉनिक बटणाची टॉर्च बंद असतानाही थेंबथेंब करंट खाते. मागचं टोपण पाव फेरा सैल करून बटण दाबून पाहा. दिवा लागला नाही तर जोड तुटलेला आहे, तशीच ठेवून द्या. तरीही लागला तर त्या टॉर्चला ही सोय नाही. तिचा सेल काढून डबीत ठेवा, टॉर्चला बांधून.