‘न्यूज’चा चार दिशांशी संबंध नाही

6 जानेवारी जवळ आली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. पत्रकार दिनाच्या भाषणांत आणि शाळांच्या फलकांवरही तो उतरतो. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरं जोडून ‘न्यूज’ शब्द तयार झाला, चारही दिशांची माहिती देते ती न्यूज, असं त्यात म्हटलेलं असतं. हे खोटं आहे. ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वर्तमानपत्र काढणाऱ्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांची आठवण काढायच्या दिवशी तरी ते सांगितलं जाऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पहिला मुद्दा, शब्द आला कुठून? ‘न्यू’ म्हणजे नवा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत त्याचं अनेकवचन ‘नव्या गोष्टी’ या अर्थाने वापरात आलं आणि पंधराव्या शतकात ते ताज्या हकिगतीसाठी रुळलं. शेवटचा ‘एस’ अनेकवचनाचा आहे, साउथचा नाही. ही घडण फ्रेंचच्या धर्तीवरची. तिथे ‘नुव्हेल’ म्हणजे बातम्या, मूळ अर्थ ‘नव्या’. त्यामागे लॅटिन ‘नोवा’ आहे, तेही अनेकवचनच. व्हेनिसमध्ये सोळाव्या शतकात बातमीपत्राला ‘गाझेत्ता दे ला नोविता’ म्हणत. गाझेत्ता हे किरकोळ नाणं, नोविता म्हणजे नवेपणा. ‘गॅझेट’ हा शब्द तिथूनच आला. आपला ‘नव’, लॅटिन ‘नोवुस’ आणि इंग्रजी ‘न्यू’ एकाच मुळाचे आहेत. अनेकवचनाचं उदाहरण तर मराठी माणसाच्या रोजच्या ओळखीचं आहे: अरबी ‘खबर’चं अनेकवचन ‘अखबार’, आणि तेच पुढे वर्तमानपत्राचं नाव झालं.

दिशांचा दावा मोडायला एकटं स्पेलिंगही पुरेसं आहे. जुन्या इंग्रजी लिखाणात हा शब्द एन-ई-डब्ल्यू-ई-एस, एन-ई-डब्ल्यू-वाय-एस असाही आढळतो. आद्याक्षरांपासून शब्द झाला असता तर त्यात पाचवं अक्षर शिरलं नसतं. शिवाय सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्रज लोक ‘ही न्यूज’ म्हणत तसंच ‘ह्या न्यूज’ही म्हणत. तो शब्द अनेकवचनी आहे याची जाण तोवर टिकून होती.

आता दिशांचा क्रम. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला बोटीवरचं होकायंत्र पाहा. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत गेलं की उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम, म्हणजे एन-ई-एस-डब्ल्यू. इंग्रज माणूस तोंडाने मोजतो तो क्रम नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट. दोन्हींतून ‘न्यूज’ होत नाही. शब्द आधी होता, दिशा नंतर त्याच्या मापाने रचल्या गेल्या.

‘इतकी जुनी समजूत खोटी कशी असेल?’ असंही कुणी विचारतं. समजूत जुनी आहे, हे खरं. 1640 मध्ये लंडनमध्ये छापलेल्या एका पद्यसंग्रहात, बातमी चार दिशांनी येते, अशी या चार अक्षरांवरची कोटी आहे. पण ती कोटी आहे, व्युत्पत्ती नव्हे, आणि शब्द तिच्याहून दोनशे वर्षांनी जुना आहे. इंग्लंडमध्ये पहिला छापखाना 1476 चा, इंग्रजीतली पहिली छापील बातमीपत्रं 1620-21 ची. शब्द या दोन्हींच्या आधीचा, त्यामुळे वर्तमानपत्रवाल्यांनी तो बनवला हा उपदावाही टिकत नाही. आद्याक्षरं जोडून नवे शब्द पाडण्याची पद्धत तर मुख्यतः विसाव्या शतकातली. ‘रडार’ 1940 च्या सुमाराचा, ‘लेझर’ त्यानंतरचा.

नोटेबल इव्हेंट्स, वेदर अँड स्पोर्ट्स असा दुसरा विस्तारही फिरतो. तो याच कारणांनी बाद.

असा कुठलाही दावा समोर आला तर तीन गोष्टी तपासाव्यात. शब्दाची सर्वांत जुनी नोंद कधीची? त्या काळच्या लिखाणात तो पूर्ण विस्तार कुठे सापडतो का? आणि शेजारच्या भाषांत त्याच अर्थाचा शब्द कसा घडला? पहिल्या प्रश्नासाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश पाहावा. त्यात प्रत्येक अर्थापुढे जुनी अवतरणं सालासह दिलेली असतात. छोट्या खिशातल्या कोशात ती मिळत नाहीत.

पत्रकार दिनाच्या फलकासाठी एक ओळ हवी असेल तर ही लिहा: ‘दर्पण’चा पहिला अंक 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत निघाला, एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी.