रडवलं ते नटांनी, पटकथेने नाही

आज दुपारी टीव्हीवर पुन्हा 'नटसम्राट' सिनेमा लागला होता, मुलांच्या वागण्याने दुखावून घराबाहेर पडलेल्या म्हाताऱ्या नटाची गोष्ट. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर आमच्या एका काकांनी त्यातलं घर मागणारं स्वगत टाकलं आणि खाली लिहिलं, 'आजकालच्या सुनांना मुद्दाम दाखवा.' लगेच खाली हात जोडणाऱ्यांची रांग. माझं डोकंच फिरलं, म्हणून लिहितेय.

काका, सिनेमा नीट पाहिलात का? त्यात चोरीचा आळ सून घेत नाही, पोटची मुलगी घेते. पण तुम्हाला तरी काय बोलणार! पटकथाच अशी बेतलीय की म्हातारा म्हटला की देवमाणूस आणि पुढची पिढी म्हटली की कृतघ्न.

आमच्या घरी नेमकं उलटं झालं होतं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आजोबांना शेवटी शेवटी काही आठवेनासं झालं. पेन्शनच्या नोटा दाते पंचांगात ठेवायचे, विसरायचे आणि मग गॅलरीत येऊन ओरडायचे, 'सुनेने पैसे चोरले!' अख्खा वाडा ऐकायचा. आई चकार शब्द काढायची नाही. एकादशी बघायला पंचांग उघडलं की नोटा सापडायच्या. त्या ती त्याच पानात परत ठेवायची, कारण जागा बदलली तर म्हातारा आणखी बिथरेल. तिचं स्वगत कोणी लिहिलं नाही.

शिरवाडकरांच्या नाटकातही मुलं फार चांगली नाहीत, हे मान्य. आणि असे मुलगे-मुली असतात, तेही मान्य. पण १९७० सालचं नाटक २०१६ मध्ये पडद्यावर आणताना कॅमेरा घरात शिरणार होता, स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकत होता. तो म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरच अडकला. बाकीच्यांनी आत यायचं, टोचून बोलायचं आणि बाहेर जायचं. एक दुःख संपलं की दुसरं हजर, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. प्रेक्षकाला धरून रडवायचं, एवढंच ठरवलेलं.

आणि तरीही मी दुपारी हललेच नाही जागेवरून.

त्याचं कारण विक्रम गोखले. त्यांचा रामभाऊ, म्हणजे नायकाचा जुना नटमित्र, मूळ नाटकात नाही, ही सिनेमाची भर, आणि ती लाखमोलाची, एवढं श्रेय दिग्दर्शक महेश मांजरेकरांना द्यायलाच हवं. हॉस्पिटलच्या खाटेवरचा रामभाऊ कर्ण होतो आणि समोर नायक झालेला नाना पाटेकर कृष्ण. दोन थकलेली माणसं, ना मुकुट, ना प्रकाशयोजना. गोखले वाक्याच्या मध्येच थांबतात आणि त्या थांबण्यात आपल्याला कळतं की या माणसाकडे आता फार दिवस नाहीत. नाना त्या वेळी नुसता ऐकतो. एवढा मोठा आवाज असलेला नट समोरच्याला जागा देऊन ऐकतो, हे बघताना माझ्या घशात आवंढा आला. गोखले २०२२ मध्ये आपल्या पुण्यातच गेले. आज तो प्रसंग बघताना फार आठवले.

आई शेजारीच बसली होती. तिने बालगंधर्वला दत्ता भटांचा 'नटसम्राट' पाहिलाय, सहजासहजी कोणाला दाद देत नाही. म्हणाली, 'काय करतात गं दोघं!' मग मुलीच्या घरचा चोरीचा प्रसंग आला आणि ती चहा टाकायला उठली. मला पंचांग आठवलं. तिलाही आठवलं असणार, मी विचारलं नाही.

म्हणूनच मला या गोष्टीचा राग येतो. मेधा मांजरेकरांची कावेरी नवऱ्याकडे नुसती बघते आणि अख्खा संसार कळतो. ज्यांना हे जमतं, त्यांना सोपी गोष्ट का द्यायची? बिचारा म्हातारा आणि वाईट मुलं हे कोणीही करेल. नेहा पेंडसेच्या सुनेलाही नातीच्या काळजीचा एक खरा मुद्दा आहे, पण तो जेमतेम मांडून पटकथा पुढे पळते.

मला तो प्रसंग पूर्ण हवा होता. रात्रीचे अकरा, ओट्यावर आवराआवर चाललेली, सून दिवसभराची दमलेली. सासरा पाणी प्यायला येतो. ती पहिल्यांदा तोंड उघडून बोलते, खरं तेच बोलते, आणि तोही खोटा नाही. दोघांच्याही बाजूने बोलायला जागा. ते ऐकताना नानाने काय केलं असतं, हे मला बघायचं होतं.