आधी तराजू, मग प्रशिक्षण

एका कॅफेवाल्याची पोस्ट सकाळपासून फिरतेय. म्हणे, आदिवासी शेतकऱ्यांना कॉफीच्या दर्जाचं महत्त्व कळत नाही, जनजागृती हवी. खाली टाळ्याच टाळ्या. डोकं फिरलं वाचून.

आंध्र प्रदेशातल्या अराकू-पाडेरूच्या डोंगरात एक-दोन एकरांत कॉफी सांभाळणाऱ्यांना पिकलेलं फळ कुठलं, हे आता कॅफेवाले शिकवणार? पाडेरूकडच्या एका आठवडी बाजारात एक बाई व्यापाऱ्यापुढे पोतं ओतत होती. वाळवलेली फळं, पिकी-कच्ची सगळी एकत्र. निवडून का नाही आणलीस म्हटल्यावर तिने नुसतं काट्याकडे बोट दाखवलं. भाव एकच. त्यातूनही पावसाळ्यात घेतलेली उचल कापून जाणार.

अरेबिका या इथल्या कॉफीच्या जातीची फळं एका फांदीवरसुद्धा एकदम पिकत नाहीत. नोव्हेंबरपासून पुढचे दोन-तीन महिने त्याच झाडांशी चार-पाच वेळा जाऊन लाल तेवढीच खुडायची. इतके हात राबवून पैसे मिळणार ओरबाडलेल्या मालाएवढेच! त्या बाईने ओरबाडलं, आणि तिचा हिशेब चोख होता.

गिरिजन सहकारी महामंडळ, म्हणजे आदिवासींचा माल घेणारं सरकारी महामंडळ, खरेदीत उतरल्यावर व्यापाऱ्यांचा जोर थोडा कमी झाला, मान्य. लाल फळाला जास्त पैसे देणाऱ्या संस्थाही तिथे आहेत. 2017 मध्ये पॅरिसमध्ये अराकू कॉफीचं दुकान निघालं, 2019 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच डोंगरातल्या मालावर. म्हणजे माणसं तीच. भाव बदलला की माल बदलतो.

खरंच काही करायचं असेल तर वस्तीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर खरेदी केंद्र काढा. काट्याचा आकडा विकणाऱ्याला दिसला पाहिजे. फळं पाण्यात टाका, तरंगतील ती वेगळी, त्यांचा भाव वेगळा. साल त्याच दिवशी निघाली पाहिजे. फळ रात्रभर पोत्यात राहिलं तर तापतं, आंबतं, आणि तो वास पुढे कपापर्यंत जातो. पल्परची, म्हणजे साल काढणाऱ्या यंत्राची, फट नीट बसवणारा माणूस गावातलाच तयार करा. फट घट्ट झाली तर बी चिरते, सैल झाली तर फळ अख्खंच बाहेर पडतं. बी धुतलेलं पाणी ओढ्यात सोडू नका, त्यासाठी खड्डा खणा. बी जमिनीवर नको, जाळीच्या मांडवावर पातळ पसरा, दिवसभर हलवत राहा, संध्याकाळी दवाआधी झाका. ओलावा 10-11 टक्क्यांवर आल्याशिवाय पोत्यात भरली की बुरशी ठरलेली. सहा किलो फळांतून जेमतेम किलोभर हिरवी, म्हणजे न भाजलेली, बी हाती येते, त्यामुळे इथली प्रत्येक चूक सहापट महाग.

आणि पैसे त्याच आठवड्यात, खुडणारीच्या स्वतःच्या खात्यात. हे झालं नाही तर पुढच्या पावसात ती पुन्हा उचल घेणार आणि माल पुन्हा त्याच काट्यावर जाणार. कॉफीला सावली देणाऱ्या सिल्व्हर ओकच्या झाडांवर चढवलेल्या मिरीचा आधार असतो, पण मिरीचे पैसेही पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांपर्यंत पुरत नाहीत.

प्रशिक्षण नको असं नाही. पल्पर आला की ते लागेलच.

कॅफेवाल्यांनो, पाकिटावर डोंगराची उंची छापता, चवीत संत्र्याचा भास होतो तेही छापता. त्याखाली एवढंच छापा: फळाला किलोमागे किती दिले आणि किती दिवसांत दिले.