टेरियरचे पाय नंतर बघा, आधी छाती मापा : यवतच्या वाचकांना उत्तर

नमस्कार दादा,

पुण्यात कामासाठी टेरियर (उंदरांमागे धावायला आणि बिळात उतरायला घडवलेलं चपळ कुत्रं) पाळायचा तर कोणता, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ती रागाने लिहिलेली आहे, पण त्या रागामागे खरी गरज आहे आणि जातिवंत कुत्र्याबद्दल आस्था आहे. म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. यवतजवळ तुमचा ऊस आहे, त्यात घुशींनी उच्छाद मांडलाय. मार्केट यार्डात भुसार मालाचा गाळा आणि मागे गोदाम आहे, तिथे उंदीर. जमिनीवर आणि बिळात, दोन्हीकडे चालेल असा एकच टेरियर तुम्हाला हवाय. मी लांब पायांचा पार्सन रसेल सुचवला, आखूड पायांचा जॅक रसेल मागे ठेवला, याग्डटेरियर या जर्मन शिकारी कुत्र्याचं नावही घेतलं नाही आणि वर 'आपल्याकडे बिळातलं काम टाळा' असं लिहिलं, हे तुम्हाला खटकलं. तुमचे शब्द असे : "जो बिळात उतरत नाही तो टेरियर कसला? लांब पायांचं कुत्रं सुचवता म्हणजे बिळाचं काम तुम्हाला कळलेलंच नाही."

पायांपासूनच सुरुवात करते, कारण कुत्रं घेताना सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. बिळात कुत्रं अडकतं ते छातीमुळे. पाय दुमडता येतात, पुढे-मागे ताणता येतात, कुशीवर होऊन सरपटता येतं. बरगड्यांचा पिंजरा मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून जुने टेरियरवाले कुत्र्याची उंची विचारण्याआधी त्याला हातात धरून बघत. तुम्हीही बघा. कुत्र्याच्या मागे उभं राहायचं, त्याचे पुढचे पाय जमिनीवरून अलगद उचलायचे आणि खांद्यांच्या लगेच मागे दोन्ही पंजांनी छातीला वेढा घालायचा. सर्वसाधारण हाताच्या माणसाचे अंगठे वर पाठीच्या कण्यावर आणि बोटं खाली छातीच्या हाडाखाली भिडली, तर ती छाती कामाची. दाबल्यावर ती जराशी आतही जायला हवी. पिंपासारखी गोल आणि टणक छाती असेल तर पाय कितीही आखूड असोत, ते कुत्रं अरुंद जागी अडकणारच. इंग्लंडमध्ये कामाच्या टेरियरसाठी १४ इंच घेर हे माप पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, कारण रेड फॉक्सच्या (तिकडच्या तांबड्या कोल्ह्याच्या) बिळात तेवढीच छाती मोकळेपणाने फिरते.

आता आखूड पायांच्या जॅक रसेलचं आंतरराष्ट्रीय ब्रीड स्टँडर्ड, म्हणजे जातीची ठरवून दिलेली मापं, काढून बघा. उंची २५ ते ३० सेंटिमीटर, आणि कोपरांच्या मागे छातीचा घेर ४० ते ४३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण १६ ते १७ इंच. पार्सन रसेलची उंची ३३ ते ३६ सेंटिमीटर, पण छाती दोन पंजांत मावलीच पाहिजे, ही तिथे अटच आहे. याचा अर्थ प्रत्येक जॅक रसेल जाड आणि प्रत्येक पार्सन सडपातळ, असा मी काढत नाही. दोन्हीकडे दोन्ही तऱ्हेची कुत्री निघतात. पायाच्या लांबीवरून बिळाची लायकी ठरत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं आणि ते आजही आहे.

ज्यांच्या नावाने या दोन्ही जाती ओळखल्या जातात ते इंग्लंडमधल्या डेव्हनचे पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३). ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री घेतली, तिच्यापासून त्यांचा वंश सुरू झाला. ती आखूड पायांची नव्हती. पूर्ण वाढलेल्या मादी रेड फॉक्सएवढा तिचा बांधा होता. कारण उघड आहे : तिथल्या टेरियरला शिकारी कुत्र्यांच्या आणि घोड्यांच्या मागे मैलोन्‌मैल पळायचं असे आणि त्यानंतर बिळात उतरायचं असे. पळायला पाय, उतरायला छाती. वर आणि खाली दोन्हीकडे चालणारं कुत्रं तुम्हाला हवंय ना? मग तुमच्याच मागणीने तुम्ही लांब पायांकडे येता.

'बिळात उतरत नाही तो टेरियर कसला' हे वाक्यही मला मान्य नाही. एअरडेल ५६ ते ६१ सेंटिमीटर उंच असतो. तो कुठल्या बिळात मावणार? यॉर्कशरच्या एअर नदीच्या खोऱ्यात पाणमांजरं आणि काठचे उंदीर यांच्यामागे तो घडला आणि टेरियर म्हणूनच नावाजला. नॉर्फक आणि नॉर्विच ही चिमुकली कुत्री शेतावरच्या कोठारांत उंदीर मारत आली. जमिनीवरचं काम हे टेरियरचं दुय्यम काम कधीच नव्हतं.

आता तुमच्या उसातल्या घुशींकडे येते, कारण तुमचा सगळा हिशेब इथे बदलतो.

१४ इंच घेराची छाती गोल धरली तर तिचा व्यास जवळजवळ साडेचार इंच होतो. टेरियर जातींमध्ये ही बारीक छाती झाली. तुमच्या बांधावरचं घुशीचं बीळ आठवा, तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असलेलं. त्यात माणसाची मूठ जेमतेम जाते. म्हणजे जगातला कोणताही टेरियर, पार्सन असो, जॅक रसेल असो, तुमच्या घुशीमागे बिळात उतरूच शकत नाही. तो करेल ते असं : वास घेऊन कोणतं बीळ चालू आहे ते दाखवेल, तिथे उकरेल, आणि तुमचा माणूस कुदळीने बीळ उघडत असताना दुसऱ्या तोंडातून घूस उसळली की झडप घालेल. हे सगळं जमिनीवरचं काम आहे. त्याला लागतात पाय, नजर आणि चपळाई. गोदामातही तेच. हमाल पोत्यांची थप्पी हलवतात तेव्हा उंदीर भिंतीकडे धावतो आणि त्या दोन-तीन सेकंदांत कुत्र्याने काम उरकायचं असतं. पोत्यावर उडी मारता आली नाही तर तो उंदीर गेलाच.

इथे स्वभावाचा एक मुद्दा आहे. तो माझ्या लेखात एका वाक्यात आला होता, त्यामुळे तुमच्या नजरेतून सुटला असेल. बिळातलं काम आणि उंदराचं काम यांना दोन वेगळे स्वभाव लागतात. बिळात उत्तम टेरियर तो, जो जनावराच्या समोर थोडं अंतर राखून भुंकत राहतो, त्याला अस्वस्थ करून बाहेर काढतो किंवा वर खणणाऱ्या माणसाला आवाजाने जागा सांगतो. रसेल यांना असाच कुत्रा हवा असे, कारण बाहेर पडलेला फॉक्स शिकारी कुत्र्यांपुढे पळायला जिवंत हवा. जो थेट भिडतो आणि सोडत नाही तो बिळात तोंड फाडून घेतो, कधी तिथेच मरतो. उंदराच्या बाबतीत सगळं उलटं. भुंकत उभा राहिलेला कुत्रा तिथे निरुपयोगी. पकड, एक झटका, सोड, पुढचा, हे गप्पपणे आणि ताबडतोब करणारा हवा. दोन्ही स्वभाव एका कुत्र्यात उतरतात, पण क्वचित, आणि पिल्लू बघून ते ओळखता येत नाही. म्हणून आपल्याला नेमकं काय काम आहे हे आधी ठरवावं. तुमचं काम मला स्पष्ट दिसतं आहे, आणि ते वरचं आहे.

मग बिळातलं काम कशासाठी उरतं? टेरियर मावेल एवढी बिळं आपल्या भागात कुणाची असतात ते बघा : खोकड, कोल्हा, साळिंदर. बांधात आणि दगडांच्या कपारीत मुंगूस आणि घोरपड. ही सगळी जनावरं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं येत नाही. पकडणं, हुसकावणं आणि तसा प्रयत्न करणं हेही येतं. म्हणजे 'आम्ही मारत नाही, फक्त बिळातून बाहेर काढतो' हा बचाव टिकत नाही. शिवाय निव्वळ करमणुकीसाठी एका जनावराला दुसऱ्यावर झुंजायला चिथावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. जिथे हे काम जन्मलं त्या इंग्लंड आणि वेल्समध्येही २००४ च्या कायद्याने ते फार आवळलं गेलं : गोळीने शिकार करण्यासाठी राखलेल्या पक्ष्यांच्या रक्षणापुरतं, जागेच्या मालकाची लेखी परवानगी असेल तर, आणि एका वेळी एकच कुत्रा जमिनीखाली.

कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं. सुप्याच्या बाजूच्या माळावरचं खोकड आधीच प्लॉटिंग आणि रस्त्यांनी कोंडीत सापडलं आहे. ते उंदीर खातं, म्हणजे तुमचंच काम करतं. त्याच्या बिळात कुत्रं घालायचं तरी कशासाठी? उसातल्या उंदरांसाठी बांधावर गव्हाणी घुबडाला बसायला उंच काठ्या रोवा. रात्रभर राबणारा तसा गडी मिळणार नाही.

आणि घोणस. उंदरांच्या बिळात ती राहते, उसाच्या पाचटात पडून असते. बिळात नाक घालणाऱ्या कुत्र्याला दंश होतो तो थोबाडावर किंवा पुढच्या पायावर. असं सुजलेलं कुत्रं मी पाहिलं आहे, आणि त्या मालकाला सर्पविषावरची लस मिळेपर्यंत किती वणवण करावी लागली तेही पाहिलं आहे. जमिनीवरही हा धोका राहतोच. पण उघड्यावर कुत्रं थबकू शकतं, तुम्ही त्याला हाक मारून मागे बोलावू शकता. अरुंद बिळात मागे वळायलाही जागा नसते.

याग्डटेरियरबद्दल. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन शिकाऱ्यांनी काळ्या-तांबूस फॉक्स टेरियरांपासून तो घडवला, १९२६ मध्ये त्याचा क्लब निघाला. ३३ ते ४० सेंटिमीटर उंच, साडेसात ते दहा किलो. बिळात उतरतो, रानडुकराला अडवतो, जखमी जनावराचा माग काढतो, पाण्यात जातो. वर आणि खाली दोन्हीकडचं काम म्हणाल तर त्याच्याइतका पूर्ण कुत्रा मला माहीत नाही. तरीही मी त्याचं नाव घेतलं नाही, आणि विचार करूनच घेतलं नाही. तो शिकाऱ्याच्या हातासाठी घडवलेला आहे, रोज तेवढं काम मागतो. गाळ्यावर साखळीला बांधून ठेवलेला याग्डटेरियर शेजारच्या मांजरावर, दुसऱ्या कुत्र्यावर आपली भूक भागवेल. जे काम देशात कायद्याने देता येत नाही त्यासाठीच घडलेला कुत्रा आणणं हा त्या कुत्र्यावर अन्याय आहे.

तुमच्यासाठी माझं मत असं : गुळगुळीत केसांचा, पायाने मोकळा, छातीने बारीक रसेल. कागदावर पार्सन असो की जॅक, मला फरक पडत नाही. आखूड केसांत गोचीड लगेच दिसते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात दाट, राठ दुहेरी केसांच्या कुत्र्यापेक्षा तो जास्त वेळ टिकतो. तरी उन्हाळ्यात काम सकाळी लवकरच उरका. जोडी ठेवता आली तर नर-मादी ठेवा, दोन नर एकत्र नकोत. जुन्नर-आंबेगावकडे कुणी पाहुणे असतील आणि तेही असा कुत्रा मागत असतील तर त्यांना सांगा, संध्याकाळनंतर त्याला उसाच्या कडेला सोडायचं नाही. बिबट्यासाठी सहा-सात किलोचं कुत्रं म्हणजे एक घास.

बिळात शिरण्याची त्याची ओढ मारून टाका, असं मी म्हणत नाही. ती ओढ टेरियरच्या रक्तात आहे, तिला वाट द्यायला हवी. अमेरिकेत १९७१ पासून वर्किंग टेरियरवाले त्यासाठी कृत्रिम बोगदा वापरतात : नऊ इंच रुंद, नऊ इंच उंच, बाजू आणि छत लाकडाचं, खाली उघडी माती, मध्ये वळणं. तुमच्या शेतावर प्लायवूडमध्ये सहज होईल. छताचा प्रत्येक तुकडा उचलता येईल असा ठेवा, म्हणजे कुत्रं घाबरलं तर लगेच काढता येतं. तिथे शेवटी पिंजऱ्यात सुरक्षित उंदीर ठेवतात. मला तेही नको वाटतं, वासाचं फडकं पुरतं. कोवळ्या वयात एक सरळ तुकडा, मग एक वळण, असं वाढवत न्या.

तुम्ही लिहिलंय की हडपसरला एक पिल्लू बघून ठेवलंय आणि रविवारी आणायचं आहे. घ्या, पण आधी आईला स्वतः दोन्ही पंजांत धरून बघा. विकणारा आई दाखवत नसेल तर परत या. आई-वडिलांची डोळ्यांच्या भिंगाची जनुकीय तपासणी झाली आहे का विचारा. रसेल आणि फॉक्स टेरियरांत भिंग जागेवरून निसटण्याचा आनुवंशिक आजार आहे, तो साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात, म्हणजे ऐन कामाच्या काळात, आंधळेपण आणतो. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर ही तपासणी होते. पिल्लू पांढरं असेल तर त्याच्या मागे टाळी वाजवून ते ऐकतं का तेही बघा. लेप्टोस्पायरोसिसची लस पहिल्या वर्षी पूर्ण करा आणि दरवर्षी न चुकता द्या. उंदरांच्या मुतातून तो रोग कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून घरात येऊ शकतो.

रविवारच्या आधी एक काम मात्र झालंच पाहिजे. गोदामात आणि शेतात ठेवलेल्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या आणि झिंक फॉस्फाईडचं आमिष, ही उंदरांची विषं, मोजून उचला, बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यांनाही विचारा. ब्रोमॅडिओलोन खाल्लेले उंदीर खाऊन कुत्र्याला काही दिवसांनी आतून रक्तस्राव सुरू होतो. वेळेत व्हिटॅमिन के-१ मिळालं तर ते वाचतं. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. धान्याला गोळ्यांची धुरी देता तेव्हा गोदाम पूर्ण मोकळं होऊन हवा खेळेपर्यंत कुत्र्याला आत नेऊ नका. विष आणि टेरियर एका जागी ठेवता येत नाहीत, दोन्हींतलं एकच निवडा. हमालांनाही हे नीट समजावून सांगा, कारण वडी टाकणारा हात बहुतेक वेळा मालकाचा नसतो.