टूडी इको बाद, थेट सीटी?

फॅमिली ग्रुपवर सध्या एक निरोप फिरतोय: ‘टूडी इको जुनं झालं. एकदा सीटी करा, हृदयातून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा किती ते लगेच कळतं. डाय लागत नाही. कॅल्शियम शून्य आलं की झडप ठणठणीत.’

(इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डाय म्हणजे सीटीत रक्तवाहिन्या नीट दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध.) आधी ‘इको जुनं’चं बघू. अडथळा किती, हे ठरतं त्या वाटेवरच्या, म्हणजे महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या (एऑर्टिक) झडपेतून जाणाऱ्या रक्ताच्या वेगावर आणि दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर. वेग सेकंदाला 4 मीटर किंवा सरासरी फरक 40 मिमी पारा झाला की अडथळा तीव्र. हे इकोतलंच डॉप्लर तंत्र मोजतं, नेहमीचा सीटी नाही. काहींच्या हृदयाचा मधला पडदाच जाड होतो. अशांचा अडथळा शांत पडल्यावर दिसतही नाही, जोर लावला की उमटतो. इको करताना श्वास कोंडून कुंथायला सांगतात ते त्यासाठीच. (अवघडल्यासारखं होतं, पण कुंथा.)

आता ते शून्य. बहुतेकांच्या हातातला ‘कॅल्शियम स्कोअर’ (सीटीत दिसणारं कॅल्शियम किती, त्याचा आकडा) हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा असतो. झडपेचा हिशेब वेगळा. शिवाय संधिवाताच्या तापाने झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात, आणि तिथे कॅल्शियम कमी असूनही वाट अरुंद असू शकते. आपल्याकडे असे रुग्ण आजही आहेत. जाड पडद्याच्या आजारात तर झडपेच्या कॅल्शियमचा प्रश्नच नाही.

तरी निरोप पूर्ण खोटा नाही. हृदयाचा पंप अशक्त असला की इकोचे आकडे भांडतात: झडपेचं तोंड 1 चौरस सेंमीपेक्षा लहान, पण दाबाचा फरक 40च्या आत. खरं कोण? इथे झडपेचा कॅल्शियम स्कोअर निवाडा करतो. पुरुषांत साधारण 2000 आणि बायकांत 1200च्या पुढे गेला, तर अडथळा तीव्र असण्याची शक्यता मोठी. बायकांची झडप कमी कॅल्शियममध्येही ताठरते, म्हणून त्यांची रेषा खाली. पुरुषाचा आकडा लावून आईला ‘मध्यम’ ठरवू नका.

राहिला डाय. स्कोअरपुरता लागत नाही, हे खरं. पण 2002 साली फ्रान्समध्ये ॲलन क्रिबिए यांनी पहिल्यांदा केलेली, मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप बसवण्याची पद्धत आता रुळली आहे. तिच्या आधीचा सीटी डाय देऊनच होतो. झडपेच्या कड्याचं माप आणि पायातल्या रक्तवाहिन्यांची रुंदी त्यातूनच मिळते. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) बघतात, कारण डाय किडनीला जड जाऊ शकतो. निरोपात किडनीचं नावही नाही.