मध्यमेंदू ‘जागृत’ करण्याच्या दाव्याविषयी

उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की कोथरूड, सिंहगड रस्ता, पिंपरी-चिंचवड या भागांतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. माणूस मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरतो, असे आइन्स्टाईनने सांगितले आहे. शाळा फक्त डाव्या मेंदूला काम देते आणि सर्जनशील उजवा मेंदू पडून राहतो. या दोहोंना जोडणारा मध्यमेंदू पंधराव्या वर्षाच्या आत जागृत केला, तर मूल डोळ्यांवर पट्टी बांधूनही वाचू शकते, आणि हे दोन दिवसांच्या शिबिरात साध्य होते, असा त्याचा आशय असतो. सोबत पट्टी बांधून रंग ओळखणाऱ्या एखाद्या मुलाची चित्रफीत जोडलेली असते. यातले एकही विधान टिकणारे नाही आणि शेवटचे तर मुलांना अपाय करणारे आहे.

दहा टक्क्यांचे वाक्य आइन्स्टाईनच्या लेखनात किंवा भाषणांत कोठेही सापडलेले नाही. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये माणूस आपल्या मानसिक सामर्थ्याचा थोडाच भाग वापरतो असे लिहिले होते, पण त्याचा रोख माणसाच्या प्रयत्नांवर होता, मेंदूच्या रिकाम्या भागांवर नव्हता. मेंदूचे वजन सुमारे १.४ किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असते, तरीही विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते तिचा सुमारे २० टक्के वाटा तो एकटा घेतो. बहुतांशी निष्क्रिय अवयवावर शरीर इतका खर्च करील, हे संभवत नाही. पक्षाघाताचे काही लहान झटके लक्षात न येता होऊन जातात हे खरे, परंतु नष्ट झाला तरी माणसात काहीच फरक पडत नाही असा मेंदूचा कोणताही मोठा प्रदेश आजवर आढळलेला नाही. उलट योग्य जागी सेंटिमीटरभर भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी शरीराची एक बाजू लुळी पडू शकते. सगळ्या चेतापेशी एकाच क्षणी काम करत नाहीत, आणि तसे असणेच निरोगीपणाचे आहे, कारण त्यांच्या मोठ्या समूहांनी एकदम आणि अनिर्बंध संदेश सोडणे म्हणजेच अपस्माराचा झटका होय.

डाव्या-उजव्या मेंदूच्या विधानामागे मात्र खरे संशोधन आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ ते १८६५ या काळात वाचेचा संबंध डाव्या गोलार्धाशी, म्हणजे मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाशी जोडला, आणि अपस्मारावर उपचार म्हणून दोन गोलार्धांमधला सेतू कापलेल्या रुग्णांचा अभ्यास करणाऱ्या रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. काही कामे एका गोलार्धात अधिक चालतात, एवढेच यातून सिद्ध होते. युटा विद्यापीठात २०१३ मध्ये हजारांहून अधिक व्यक्तींचे मेंदू तपासले, तेव्हा ‘डाव्या मेंदूची’ आणि ‘उजव्या मेंदूची’ माणसे असा भेद आढळला नाही. अभंग वाचताना शब्दांची जुळणी प्रामुख्याने डावीकडे होत असली, तरी स्वरातला भाव आणि सूचित अर्थ उमगण्यात उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो. शिवाय हा सेतू म्हणजे सुमारे २० कोटी तंतूंचा कॉर्पस कॅलोसम. मध्यमेंदूचे ते काम नाही.

मध्यमेंदू हा मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभाचा वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा भाग आहे. उजेडात डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, आवाज आला की नजर तिकडे वळते, या क्रिया त्याच्यामार्फत होतात, आणि त्यातल्या डोपामीन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशी झिजल्या की कंपवात होतो. जागे राहण्याची यंत्रणाही अंशतः येथूनच जाते, त्यामुळे त्याला गंभीर इजा झालेला माणूस बेशुद्ध होऊ शकतो. शिबिरात चालत येणाऱ्या प्रत्येक मुलाचा मध्यमेंदू, अर्थातच, जन्मापासून कामावर आहे. अक्षर दिसायचे तर प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर पडावाच लागतो. अक्षरावरून आलेला प्रकाश टिपणारी दुसरी कोणतीही जागा डोक्यात नाही.

मेंदूची खरी लवचिकता पाहायची असेल, तर कोरेगाव पार्कातल्या अंधशाळेत ब्रेल वाचणाऱ्या मुलांचा विचार करावा. लहानपणापासून अंध असलेली माणसे बोटांनी ब्रेल वाचतात, तेव्हा सामान्यतः दृष्टीसाठी असणारा मेंदूच्या मागचा भाग सक्रिय होतो, हे १९९६ मध्ये दिसून आले. न वापरलेली जागा मेंदू रिकामी ठेवत नाही, याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही, आणि ही किमया बरीच वर्षे रोज केलेल्या सरावाची आहे. शिबिरांचा दावा खरा असता, तर त्याची पहिली गरज या मुलांना होती. परंतु पट्टी बांधली जाते ती डोळस मुलांनाच.

चित्रफितीतले मूल वाचते ते नाकाच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या फटीतून. म्हणूनच ते कागद छातीजवळ धरते आणि मान किंचित वर करते. कर्नाटकातले विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी अशा प्रात्यक्षिकांची जाहीर तपासणी केली आहे, आणि ती फट नीट बंद केली की वाचन थांबते. यात मुलाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. मोठ्यांनी भरलेल्या हजारो रुपयांची, आईबाबांच्या अपेक्षेची आणि शेजारच्या मुलाला ‘जमल्याची’ त्याला जाणीव असते. दिसत नाही असे सांगितले तर आपण कमी पडलो असे होईल, म्हणून ते दिसणारे लपवते. ज्याला खरोखर फटीतून दिसत नाही, ते मूल स्वतःला मंद समजू लागते.

पालकांनी पैसे भरण्यापूर्वी एवढे करावे: मुलाच्या हनुवटीखाली मोठा पुठ्ठा आडवा धरावा आणि कागद त्या पुठ्ठ्याखाली ठेवून वाचायला सांगावे, किंवा खोलीत पूर्ण अंधार करावा. ही तपासणी आयोजकांसमोर आणि त्यांच्याच प्रशिक्षित मुलावर व्हावी, आपल्या मुलावर नव्हे. ‘श्रद्धा नसल्याने शक्ती चालत नाही’ असे उत्तर मिळाले, तर पैसे न भरता निघावे.